वेबसाइट नंतर, आधी गिऱ्हाइकांची वही

गडहिंग्लज तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. त्या आणि त्यांच्या जाऊबाई काही वर्षांपासून कांदा-लसूण चटणी करून विकतात. वर्षाला साधारण १,५०० किलो जाते, भाव किलोला ६०० रुपये, म्हणजे उलाढाल ९ लाखांच्या घरात. गिऱ्हाईक बहुतेक पुण्या-मुंबईला राहणारे आपल्याच भागातले लोक, आणि ऑर्डर सगळ्या व्हॉट्सअॅपवर. आता एका एजन्सीने वेबसाइटचे ४५,००० आणि इन्स्टाग्राम-फेसबुक सांभाळायचे महिना १५,००० सांगितले आहेत. मुलाचे म्हणणे, अॅमेझॉनवर जाऊ. बंगळूर आणि हैदराबादहूनही विचारणा होते आहे. यातले नक्की काय करावे?

ताई, एजन्सीला सध्या नको म्हणून कळवा. कारण तुमच्याच आकड्यांत आहे. मिरची, खोबरे, लसूण, कांदा, तीळ, धणे, तेल, डंकावरची कुटाई, बायकांची मजुरी, गॅस, पिशव्या असा सगळा खर्च तुम्ही किलोला ४१० रुपये लिहिला आहे. तुमची आणि जाऊबाईंची मजुरी त्यात आहे असे मी धरतो. नसेल तर आधी ती धरा, कारण घरच्या बाईचे राबणे फुकट समजून काढलेला नफा हा नफा नव्हेच. किलोमागे उरतात १९०. एजन्सीचा पहिल्या वर्षाचा खर्च होतो ४५,००० अधिक बारा महिन्यांचे १,८०,०००, म्हणजे २,२५,०००. त्याला १९० ने भागलेत तर जवळपास १,२०० किलो येतात. आज विकता त्यावर आणखी १,२०० किलो चटणी विकाल तेव्हा कुठे हा खर्च फिटेल, आणि तुमच्या हातात त्यातला एक रुपयाही येणार नाही. प्रत्यक्ष जाहिरातीचे पैसे तर याहून वेगळे, ते फेसबुककडे जातात. शिवाय एका उन्हाळ्यात २,७०० किलो करायला तुमच्याकडे परातीही नाहीत आणि वाळवायला तेवढे अंगणही नाही, हे तुम्हीच लिहिले आहे.

तुमच्या लिहिण्यातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे: ‘गिऱ्हाईक नक्की किती ते सांगता येणार नाही, चारएकशे घरं असतील.’ काम इथे आहे. चारशे घरे धरली तर घरटी पावणेचार किलो होतात आणि ते खरे वाटते, कारण आपल्याकडे ही चटणी वर्षाची भरून ठेवतात. पण गेल्या वर्षी नेली आणि यंदा नेली नाही अशी घरे किती, हे तुम्हाला माहीत नाही. समजा शंभर असतील. त्यांतली चाळीस परत आली तरी १५० किलो होतात आणि २८,५०० रुपये उरतात. खर्च फोनचा. अशी गिऱ्हाइके बहुधा चटणी आवडली नाही म्हणून गेलेली नसतात. फोन हरवतो, नंबर बदलतो, कुणा मावशीने आपल्याकडची दिलेली असते, किंवा आठवण होईपर्यंत तुमची संपलेली असते.

म्हणून पहिले काम वहीचे. मुलाला मोबाइलवर गुगल शीट उघडून द्यायला सांगा. तुम्हाला लांब वही बरी वाटत असेल तर लांब वही. सात रकाने पुरेत: नाव, नंबर, गाव आणि भाग (नुसते ‘पुणे’ नको, ‘पुणे, धायरी’ असे), तारीख, किती किलो, तिखट की मध्यम, पैसे आले की नाही. व्हॉट्सअॅपवरची दोन वर्षांची संभाषणे चाळून हे भरायला चार-पाच दुपारी जातील. काम कंटाळवाणे आहे. पण कुठलीही एजन्सी हे तुम्हाला करून देणार नाही, कारण ही माहिती तिच्याकडे नाही. साधी, फुकटची आणि सगळ्यांत किमती चीज तुमच्या फोनमध्ये पडून आहे.

याच कामात व्हॉट्सअॅप बिझनेस हे अॅप घ्या. ते फुकट आहे. साध्या व्हॉट्सअॅपवरून त्याच नंबरवर जाताना जुनी संभाषणे सोबत नेता येतात, फक्त आधी बॅकअप घ्या. त्यात लेबल लावता येतात: ‘पुणे’, ‘मुंबई’, ‘पैसे बाकी’, ‘यंदा नेली नाही’. कॅटलॉग करता येतो, म्हणजे फोटो, वजन आणि भाव. रोज वीस जणींना तेच उत्तर लिहायचा त्रास झटपट उत्तरांच्या सोयीने वाचतो. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन आजच टाका. नंबर दुसऱ्याच्या ताब्यात गेला तर दुकानच गेले म्हणून समजा, आणि असे बहुधा घडते ते सहा अंकी ओटीपी कुणाला तरी सांगण्यातून.

ब्रॉडकास्ट लिस्टबद्दल, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवायच्या यादीबद्दल, मात्र बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. एका यादीत २५६ नंबर बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यांनाच तो मेसेज पोचतो. बाकीच्यांना जात नाही आणि तुम्हाला तसे कळतही नाही. म्हणून प्रत्येक पाकिटावर, बिलावर, पार्सलच्या चिठ्ठीवर एक ओळ हवी: ‘हा नंबर सेव्ह करून ठेवा, नवी चटणी निघाली की कळवू.’ आणि कुणी ‘एका क्लिकमध्ये दहा हजार मेसेज’ असले सॉफ्टवेअर विकायला आले तर दारातूनच परत पाठवा. असल्या सॉफ्टवेअरने नंबर कायमचा बंद होऊ शकतो.

आता मुख्य मुद्दा. तुमचा धंदा हंगामी आहे, आणि हंगामी धंद्यात कधी विचारले यावर अर्धी विक्री ठरते. नवी मिरची जानेवारीनंतर बाजारात येते. मार्चपासून मेपर्यंत घराघरांत वर्षाचे तिखट-मसाले होतात. तुम्ही मार्चअखेर चटणी करून मग फोटो टाकता, तोवर पुण्यातल्या बाईने सासूकडून किंवा शेजारच्या बचत गटाकडून घेऊनही टाकलेली असते. ऑर्डर फेब्रुवारीत घ्या, आणि ती ब्रॉडकास्टने न घेता एकेकीला नावाने विचारून घ्या. वही झाली की असे लिहिता येते:

‘नमस्कार वहिनी. यंदाची चटणी होळीनंतर कुटायला घेतोय. गेल्या वर्षी तुम्ही ४ किलो मध्यम तिखट नेली होती. यंदा तेवढीच ठेवू का? फेब्रुवारीअखेर सांगितलंत तर भाव ६००, नंतर मिरचीच्या दराप्रमाणे.’

‘४ किलो मध्यम तिखट’ एवढ्या शब्दांत जे काम होते ते कुठल्याही डिझाइनच्या पोस्टरने होत नाही. रोज चाळीस मेसेज पाठवलेत तर दहा दिवसांत चारशे घरे होतात. उत्तर आले नाही तर आठवड्याने एक फोन, त्यापुढे नाही. मागे लागलेले कुणालाच आवडत नाही.

नोंदवताना किलोला २०० रुपये आगाऊ मागा. सगळे देणार नाहीत. पण ८०० किलोंची नोंदणी जरी आगाऊ झाली तरी १,६०,००० रुपये हातात येतात, आणि तेही मिरची घ्यायच्या ऐन वेळी. याचे दोन फायदे. आवक जोरात असताना मिरची रोखीने घेता येते. गडहिंग्लजच्या बाजारात संकेश्वरी मिरचीचे सौदे निघतात आणि ब्याडगीसाठी हावेरी जिल्ह्यातला बाजार आहेच. रोकड हातात असलेल्याला व्यापारी वेगळा दर सांगतो, हे मी तुम्हाला शिकवायला नको. दुसरे म्हणजे किती करायची ते आधीच ठरते. उरलेली चटणी ही तुमच्या धंद्यातली सगळ्यांत महाग गोष्ट आहे, कारण तळलेला कांदा आणि खोबरे असल्यावर ती कधी ना कधी खवट होणारच. आगाऊ घेतलेल्या पैशांची नोंद मात्र पैशापैशाची ठेवा आणि ज्याने आधी दिले त्याला माल आधी द्या. एका बाईला उशीर झाला तर तिच्या सोसायटीतल्या सगळ्यांना कळते.

दुसरा हंगाम तुम्ही अजून धरलेलाच नाही. गणपतीला आणि दिवाळीला पुण्या-मुंबईची माणसे गावी येतात आणि परतताना पिशव्या भरून नेतात. वर्षाची चटणी कमी पडायला लागते तीही त्याच सुमाराला. त्यावेळी २५० ग्रॅमची पाकिटे हवीत: वसतिगृहातल्या मुलांना द्यायला, ऑफिसात वाटायला, चव दाखवायला. पावशेराचा भाव किलोच्या हिशेबाने १५० न ठेवता १७५ ठेवा. पिशवी, लेबल आणि भरायची मेहनत तेवढीच लागते, आणि १७५ ला कुणी नाही म्हणणार नाही.

पाकिटाकडे तुम्ही फक्त वेष्टन म्हणून बघता आहात असे फोटोवरून वाटले. ते पाकीट पुढचे अनेक महिने एका स्वयंपाकघरात राहणार आहे आणि तिथे येणारी प्रत्येक बाई ते बघणार आहे. त्यावर कायद्याने लागते ते आधी पुरे करा: एफएसएसएआयचा (सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी नंबर, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, ग्रॅम किंवा किलोमागची किंमत, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरावी, तुमचे नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन. तिळाचा उल्लेख ठळक करा, काहींना त्याची अॅलर्जी असते. एफएसएसएआयची नोंदणी फॉस्कॉस या सरकारी संकेतस्थळावर स्वतः करता येते. हे सगळे झाल्यावर उरलेल्या जागेत तुमचा व्हॉट्सअॅप नंबर मोठ्या आकड्यांत आणि शेजारी क्यूआर छापा. तो स्कॅन केला की थेट तुमचे चॅट उघडले पाहिजे. अशी लिंक व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये तयार मिळते. आज तुम्हाला वेबसाइट हवी आहे ती एवढीच.

हजारोंनी पाकिटे छापण्याआधी नावाचा विचार करा. ‘कोल्हापुरी चटणी’ हे नाव कुणीही लावू शकतो, त्यावर तुमची मालकी होत नाही. घराण्याचे, गावातल्या वाड्याचे, कसलेही पण तुमचे स्वतःचे नाव घ्या आणि ते ट्रेडमार्कच्या ३० व्या, म्हणजे मसाल्यांच्या वर्गात नोंदवा. वैयक्तिक किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्जाची सरकारी फी ४,५०० रुपये आहे. लघुउद्योग म्हणून फायदा घ्यायला उद्यम नोंदणी लागते, ती पूर्ण फुकट आहे. सरकारीसारख्या दिसणाऱ्या खासगी संकेतस्थळांवर तिचे हजार-दीड हजार भरलेले लोक मी नेहमी बघतो. उद्यमचा आणखी एक उपयोग पुण्याच्या दुकानांना माल द्याल तेव्हा होईल. उत्पादक सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. बिलावर उद्यम क्रमांक छापा, म्हणजे त्यांचा चार्टर्ड अकाउंटंटच (सीए) त्यांच्या मागे लागतो, कारण मुदतीत न दिलेली रक्कम त्यांना प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच खर्चात धरता येते.

गुगलवरची नोंद या आठवड्यात करा. गुगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. ‘गुगलमधून बोलतोय, नोंदणीचे पैसे भरा’ असा फोन आला तर तो गुगलचा नाही. पडताळणीसाठी बहुधा जागेचा व्हिडिओ मागतात, तेव्हा डंक, पाटी, रस्ता असे सगळे दाखवा. घरचा पत्ता उघड करायचा नसेल तर लपवता येतो, पण गणपतीत गावी आलेला माणूस नकाशावरच शोधत येतो, म्हणून मी तो दाखवीन. वर्णनात आपली ‘चटणी’ही लिहा आणि पुण्याचे लोक शोधतात तो ‘कांदा लसूण मसाला’ही. धंद्याच्या नावात मात्र हे शब्द कोंबू नका, त्यावरून प्रोफाइल बंद पडू शकते.

अॅमेझॉनबद्दल मुलाशी भांडू नका, हिशेब मांडा. अर्ध्या किलोचे पाकीट ३०० चे, त्यात उरतात ९५. कमिशन, ठरावीक फी आणि पाठवणावळ मिळून समजा १०० गेले, तर विकून पाच रुपये तोटा. तिथे विकायचे तर एक-दोन किलोंचे पॅक आणि वेगळा भाव लागेल, आणि शेजारी मोठ्या कंपन्यांचे निम्म्या भावाचे मसाले असतील. तुमच्या चटणीची चव फोटोत दिसत नाही. तिथे फक्त भाव दिसतो.

कुरिअरचे एक कलम मात्र बघायला हवे. बहुतेक कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारावरून काढलेले वजन यांतले जास्त असेल त्याचे पैसे लावतात. आकाराचे वजन म्हणजे सेंटिमीटरमध्ये लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले ५,०००. तुमचा ३० बाय २० बाय १५ चा खोका १.८ किलोचा धरला जातो, त्यात चटणी एकच किलो असली तरी. एक किलोला छोटा खोका घ्या, किंवा घरी पोचेल तेव्हा दोन किलो घेतलेली परवडते हे गिऱ्हाइकाला सांगा. पुण्या-मुंबईला रात्रीच्या ट्रॅव्हल्सने एकाच भागातली दहा-बारा पार्सले एकत्र पाठवून तिथल्या एखाद्या ओळखीच्या घरी उतरवणे सगळ्यांत स्वस्त पडते. वहीत ‘धायरी’ लिहायला सांगितले ते यासाठी. त्या घराला वर्षाची चटणी फुकट द्या. आणि कॅश ऑन डिलिव्हरी अजिबात नको. पार्सल परत आले की जाण्या-येण्याचे दोन्ही भाडे तुमच्या डोक्यावर बसते.

पैसे यूपीआयने घ्या. गिऱ्हाइकाच्या बँक खात्यातून आलेल्या पैशांवर दुकानदाराला शुल्क पडत नाही, जानेवारी २०२० पासून तसेच आहे. धंद्याचे खाते घरखर्चापासून वेगळे ठेवा, उद्या बँकेत कर्जाला जाल तर तेच दाखवता येते. स्क्रीनशॉट आला म्हणजे पैसे आले असे नव्हे. खात्यात दिसले तरच माल निघेल. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

इन्स्टाग्राम करा, पण स्वतः आणि हंगामापुरते. मिरचीची देठे काढणाऱ्या बायका, खोबरे भाजतानाचा रंग, डंकाचा आवाज. बस्स. गाणी आणि चकचकीत अक्षरे नकोत. जाहिरात करून बघायचीच असेल तर फेब्रुवारीत दहा दिवस, रोज ३०० रुपये, पुण्याच्या दोन-तीन भागांपुरती, आणि दाबल्यावर व्हॉट्सअॅप उघडेल अशी. १८ टक्के जीएसटी धरून ३,५४० होतात. त्यातून २० नव्या घरांनी दोन-दोन किलो घेतले तर ७,६०० उरतात, मग पुढच्या वर्षी वाढवा. पाचच घरे आली तर १,९०० उरले आणि तुम्ही तोट्यात. तरी ती पाच घरे वहीत लिहा आणि पुढच्या फेब्रुवारीत परत येतात का ते बघा. किती लाइक आले ते मला सांगू नका.

एआयने मेसेज लिहून घेतले तर हरकत नाही, पण पाठवण्याआधी स्वतः मोठ्याने वाचा. आपल्याकडची बाई असे बोलते का ते लगेच कळते. पोषणमूल्यांचा तक्ता मात्र त्याला विचारून छापू नका. ते आकडे प्रयोगशाळेतून तपासून घ्या.

वेबसाइटची वेळ येईल ती वहीत हजार घरे झाल्यावर किंवा दुकाने तुम्हाला शोधायला लागल्यावर. तेव्हाही डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, तुमच्या स्वतःच्या नावावर, तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या कार्डाने घ्या. एजन्सीशी बिनसले की डोमेन अडकवून ठेवल्याची प्रकरणे माझ्याकडे सारखी येतात.

राहिले बंगळूर आणि हैदराबाद. तिथे मोह आहे, पण आधी थांबा. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. राज्याबाहेर करपात्र माल पाठवला की ही सूट संपते. मग एक किलो पाठवा की शंभर, नोंदणी घ्यावी लागते. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्यांनाही ऑनलाइन बाजारांवर विकायची मुभा मिळाली, पण तीही आपल्या राज्यापुरतीच. काही सल्लागार सोपे म्हणून जीएसटीतली लहान धंद्यांसाठीची कंपोझिशन योजना सुचवतील. त्यात राज्याबाहेर विक्री करताच येत नाही, म्हणजे ज्यासाठी घेतली तेच बंद. बंगळूर हवे असेल तर नेहमीची नोंदणी लागेल. तिला सरकारी फी नाही, मात्र विवरणपत्रे वेळेवर भरावी लागतील आणि सीएला वर्षाचे काही द्यावे लागेल. मसाल्यावर ५ टक्के कर आहे. ६०० मध्येच कर धरलात तर किलोला साधारण साडेअठ्ठावीस रुपये जातात, आणि व्यापाऱ्याकडून बिलाने घेतलेल्या मिरचीवरचा कर त्यातून वजा होतो. नोंदणी झाली की हा कर पुण्या-मुंबईच्या विक्रीवरही लागतो, तेवढे मात्र लक्षात ठेवा. सीएकडे जाताना राज्याबाहेरची मागणी वर्षाला किती किलो आहे तो आकडा सोबत न्या. ती शंभरेक किलोच असेल तर त्या लोकांना एवढेच सांगा की गणपतीला गावी याल तेव्हा घेऊन जा, तुमच्या नावाने बाजूला काढून ठेवते.